श्वासाचा जमाखर्च

माणसाचा दमसास बसल्या जागी कळत नाही. ओट्यावर बसून गप्पा मारणारे दोन समवयस्क गृहस्थ सारखेच धडधाकट दिसतात. त्यांना सिंहगडाची चढण चढायला लावावी, म्हणजे पहिल्याच वळणावर एकाचा हात गुडघ्यावर जातो आणि दुसरा बोलत बोलत पुढे निघून जातो. शरीरातील उणीव विश्रांतीत झाकलेली राहते. श्रमाची मागणी आली की ती उघडी पडते. हे सत्य आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होते. परंतु ‘धाप लागते’ या तक्रारीला शतकानुशतके कोणतेही माप नव्हते. धाप किती लागते, कोणत्या श्रमाने लागते, कालच्यापेक्षा आज अधिक लागते की कमी, या प्रश्नांना रोग्याचा शब्द आणि वैद्याचा अनुभव यांपलीकडे उत्तर नव्हते. हा शब्द आकड्यात कसा उतरला, आणि तो आकडा कधी रोग्याच्या बाजूने व कधी त्याच्याविरुद्ध कसा उभा राहिला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी वैद्यकाचा अभ्यासक नाही. इतिहासाचा विद्यार्थी आहे, आणि सरकारी कचेरीत जमाखर्चाच्या कागदांत वावरणारा माणूस आहे. कदाचित म्हणूनच मला हा इतिहास एका मोठ्या जमाखर्चासारखा दिसतो.

या वहीचे पहिले पान इटलीतील पादुआ येथे लिहिले गेले. सांतोरिओ सांतोरिओ हा तेथील विद्यापीठात वैद्यकाचा अध्यापक होता. त्याने एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि तिच्यात बसून तो स्वतःचे वजन करू लागला. खाल्लेले अन्न, प्यालेले पाणी, शरीरातून बाहेर पडलेला मळ, सारे काही तो वर्षानुवर्षे तोलीत राहिला. हिशोब जुळेना. दिवसाला आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले तर त्यातील पाच पौंड डोळ्यांना न दिसता नाहीसे होतात, असे त्याने १६१४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले. या अदृश्य खर्चाला त्याने न जाणवणारा घाम मानले. त्यातला काही भाग श्वासावाटे जातो हे खरे. पण श्वासात नेमके काय घडते ते समजण्याइतके रसायनशास्त्र तेव्हा जन्मालाच आले नव्हते. तरीही शरीराचा जमाखर्च मांडता येतो, आणि त्यात तूट दिसली तर ती कोठे गेली हे शोधलेच पाहिजे, ही दृष्टी त्याने दिली.

तूट शोधून काढली ती लाव्हॉझिएने. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पोटापाण्यासाठी राजाच्या करवसुलीचा इजारा घेणाऱ्या मंडळींपैकी एक होता. हिशोबाची त्याची सवय प्रयोगशाळेतही सुटली नाही. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने आणि गणितज्ञ लाप्लास याने एका गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले. त्या प्राण्याच्या उष्णतेने किती बर्फ वितळला हे त्यांनी मोजले. आणि त्याच्या उच्छ्वासातून जितका कर्बाम्ल वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर पडला, तितकाच वायू कोळसा जाळून निर्माण केला तर किती बर्फ वितळतो तेही पाहिले. दोन्ही आकडे पुष्कळसे जवळ आले. श्वसन म्हणजे एक मंद ज्वलनच होय, असा निष्कर्ष निघाला. चूल आणि छाती यांचे नाते प्रथमच तराजूत उतरले.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे पुढचे प्रयोग अधिक मोलाचे आहेत. १७८९ व १७९० या वर्षांत आर्माँ सेगँ हा त्याचा तरुण सहकारी स्वतः प्रयोगाचा विषय झाला. त्याच्या तोंडाला नळी जोडून तो किती प्राणवायू घेतो हे मोजण्यात आले: आधी स्वस्थ बसून, मग पायाने वजन उचलीत असताना. लाव्हॉझिएच्या पत्नीने या प्रयोगांची दोन रेखाचित्रे काढली असून, टिपणे घेत मेजापाशी बसलेली ती स्वतःही त्यांत दिसते. उपाशीपोटी श्रम करणाऱ्या सेगँला विश्रांतीच्या अडीच पटींहून अधिक प्राणवायू लागला. जेवून श्रम केल्यावर हे प्रमाण आणखी वाढले. यावरून लाव्हॉझिएने एक सामाजिक प्रश्न विचारला. हातांनी राबणारा गरीब माणूस आरामात राहणाऱ्या श्रीमंतापेक्षा अधिक शरीर जाळतो. मग ज्याला अन्नाची गरज जास्त, त्याच्याच ताटात ते कमी का असावे? हा प्रश्न फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी विचारला गेला. आणि त्याच क्रांतीने ८ मे १७९४ रोजी करवसुलीच्या जुन्या धंद्यापायी लाव्हॉझिएचा शिरच्छेद केला. इतिहासाची वही कोणाच्या खात्यावर काय लिहील, ते सांगवत नाही.

लाव्हॉझिएचा प्रश्न साठ-सत्तर वर्षांनी लंडनच्या एका तुरुंगात पुन्हा उभा राहिला. त्या काळी इंग्लंडमधील कैद्यांना ट्रेडव्हील नावाच्या प्रचंड फिरत्या चक्रावर तासन्‌तास चढत राहण्याची सक्तमजुरी असे. पायरी चढावी, ती खाली जावी, पुन्हा पुढची चढावी. जिना कधी संपतच नसे. डॉक्टर एडवर्ड स्मिथ यांनी १८५० च्या दशकात कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगातील या शिक्षेचा अभ्यास केला. नुसती दया दाखवून ते थांबले नाहीत. तोंडाला मुखवटा आणि हवा मोजणारे यंत्र लावून ते स्वतः त्या चक्रावर चढले. श्वास व कर्बाम्ल वायू यांचे प्रमाण किती पटींनी वाढते हे त्यांनी मोजले आणि ही शिक्षा सर्वांना सारखी नाही असे दाखवून दिले. धडधाकट कैद्याला ती कष्टाची होती. दुबळ्या हृदयाच्या वा फुप्फुसाच्या कैद्याला तीच शिक्षा कितीतरी जबर होत असे. न्यायाधीशाने लिहिलेला काळ एकच, पण शरीराने भोगलेली शिक्षा वेगवेगळी. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस मिळेनासा होऊन लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या. त्या टंचाईत मुंबईचे व्यापारी गबर झाले हे आपण जाणतो. त्याच वेळी उपासमारीच्या उंबरठ्यावर आलेल्या तिकडच्या कामगारांच्या आहाराची पाहणी सरकारसाठी याच स्मिथने केली. मापन आणि राज्यकारभार यांची गाठ तेव्हापासून पक्की झाली.

फुप्फुसांच्या मापनाची कथा मात्र गुंतागुंतीची आहे. जॉन हचिन्सन या इंग्लिश शल्यवैद्याने १८४६ साली आपल्या स्पायरोमीटरची, म्हणजे श्वासमापकाची, माहिती प्रसिद्ध केली. यंत्र साधे होते: पाण्यात उलटी बुडवलेली घंटा, आणि तिच्यात फुंकर घालण्यासाठी नळी. छाती भरून श्वास घ्यावा आणि शेवटच्या थेंबापर्यंत तो नळीत सोडावा. घंटा जितकी वर उचलली जाईल तितकी त्या माणसाची ‘जीवनक्षमता’. हचिन्सनने दोन हजारांहून अधिक माणसांची अशी मोजणी केली. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, आगीचे बंबवाले, सैनिक, मल्ल, छापखान्यातील कामगार, निराश्रित आणि सद्‌गृहस्थही होते. उंचीत एक इंच वाढला की ही क्षमता सुमारे आठ घनइंचांनी वाढते, असा नियम त्याला सापडला. अमेरिकेहून आलेल्या एका धिप्पाड मुष्टियोद्ध्याचे माप त्याने काही काळाच्या अंतराने घेतले, तेव्हा ते उत्तरोत्तर घटत गेलेले आढळले. तो योद्धा पुढे क्षयाने वारला. म्हणजे रोग उघड होण्यापूर्वीच घंटेने त्याची वर्दी दिली होती. आयुर्विमा कंपन्यांनी हे यंत्र वापरावे अशी हचिन्सनची इच्छा होती. स्वतः तो मात्र १८५२ साली इंग्लंड सोडून ऑस्ट्रेलियाला गेला आणि १८६१ साली फिजी बेटांवर मरण पावला.

यंत्र निर्दोष होते. ते वापरणाऱ्यांची मने तशी नव्हती. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामांच्या मळ्यांवर वैद्यकी करणारा सॅम्युएल कार्टराइट याने याच मापाच्या आधारे कृष्णवर्णीयांची फुप्फुसे मुळातच दुबळी असतात असे प्रतिपादन केले. यादवी युद्धानंतर १८६९ साली बेंजामिन गूल्ड याने सैनिकांच्या मापांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही काळ्या सैनिकांचे आकडे कमी दिसले. त्या माणसांनी कोणते अन्न खाल्ले होते, कोणत्या कोठड्यांत ती राहिली होती, याचा जाब कोणी विचारला नाही. फरक परिस्थितीचा की रक्ताचा, हा प्रश्न न सोडवताच उत्तर गृहीत धरले गेले. परिणाम असा झाला की गोरेतर माणसाचा आकडा कमी आला तरी ‘त्याच्या वंशाला हे स्वाभाविकच’ असे म्हणून यंत्रातच सूट देण्याची पद्धत रूढ झाली. ही सूट ऐकायला औदार्याची वाटते. पण धुळीत काम करून ज्याची छाती निकामी झाली, त्याला तिच्यामुळे ‘तू निरोगीच आहेस’ असा दाखला मिळतो, आणि भरपाईचा अर्ज फेटाळला जातो. वंशावर आधारलेली ही गणिते सोडून द्यावीत अशी शिफारस अमेरिकेतील वक्षरोगतज्ज्ञांच्या संस्थेने केली ती २०२३ साली. कार्टराइटची चूक पुसायला पावणेदोनशे वर्षांच्या आसपास काळ लागला.

गिरणगावाचे उदाहरण या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. कापसाच्या धुळीत पिंजण आणि ‘कार्डिंग’ खात्यांत काम करणाऱ्यांना रविवारची सुटी संपवून सोमवारी कामावर गेल्यावर छाती आवळल्यासारखी होते. इंग्लंडमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात या विकाराचा पद्धतशीर अभ्यास केला. १९४७ साली फ्रान्समध्ये तिफनो व पिनेली यांनी श्वासमापनात काळाची भर घातली होती: माणूस एकूण किती हवा सोडतो एवढेच न पाहता, पहिल्या सेकंदात किती सोडतो हे पाहायचे. नळ्या आकसल्या असतील तर हवा शेवटी बाहेर येते खरी, पण रेंगाळत येते. सोमवारी पाळी सुरू होण्यापूर्वी आणि ती संपल्यावर हे माप घेतले की कामगाराची तक्रार कागदावर उमटते. मुंबईतील गिरणी कामगारांच्या फुप्फुसांची अशी पाहणी के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनीही केली. ‘सोमवारी छाती भरते’ या वाक्याला मुकादम कामचुकारपणा म्हणू शकतो. आकड्याला तसे म्हणणे कठीण असते.

आता हृदयाकडे वळू. हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलते हे जिवंत माणसात मोजायचे कसे? १८७० साली वुर्त्सबुर्ग येथे आडोल्फ फिक याने या कोड्याचे उत्तर एका छोट्याशा टिपणात सांगितले. मालगाडीचे उदाहरण घ्या. एखाद्या स्थानकावर दर मिनिटाला २५० पोती उतरली, आणि प्रत्येक डब्यातून ५० पोती उतरतात हे ठाऊक असले, तर मिनिटाला ५ डबे आले हे डबे न पाहताही सांगता येते. शरीर विश्रांतीत मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू घेते. फुप्फुसांत येणारे रक्त आणि तेथून निघणारे रक्त यांच्या प्राणवायूत लिटरमागे ५० मिलिलिटरांचा फरक असेल, तर हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलते. हिशोब त्रैराशिकाचा, पण फिकने तो माणसावर करून पाहिला नाही, कारण उजव्या हृदयातील रक्ताचा नमुना काढण्याचे धाडस कोण करणार?

ते धाडस १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे या लहान गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरने केले. वरिष्ठांची परवानगी नसताना त्याने स्वतःच्या हाताची शीर उघडून तिच्यातून एक बारीक नळी हृदयाकडे सरकवली, तशाच स्थितीत तो क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेला आणि नळी हृदयात पोहोचल्याचे चित्र काढून घेतले. त्याच्या वाट्याला कौतुकापेक्षा रोषच अधिक आला आणि पुढे तो मूत्रविकारांचा डॉक्टर झाला. न्यूयॉर्कमधील बेलव्ह्यू रुग्णालयात कूर्नां आणि रिचर्ड्‌स यांनी १९४० च्या दशकात ही नळी वापरून फिकचे त्रैराशिक रोग्यांवर पूर्ण केले. १९५६ साली नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. कल्पना सुचल्यापासून ती सिद्ध होऊन तिला मान मिळेपर्यंत शहाऐंशी वर्षे गेली.

या दरम्यान हृदयाची भाषाही लिहून काढण्यात आली होती. लायडन येथील आइन्टोव्हेन याने विसाव्या शतकाच्या आरंभी क्वार्ट्झच्या अतिसूक्ष्म तारेवर हृदयातील विद्युत्‌प्रवाहाची थरथर टिपली. त्याचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते व ते चालवायला पाच माणसे लागत. रोगी हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. रिव्हा-रोच्चीच्या पट्ट्याने १८९६ साली आणि कोरोत्कोव्हने ऐकलेल्या नादांनी १९०५ साली रक्तदाबाचे मापन सोपे केले. त्या पट्ट्याचे एक फळ आपल्या मुंबईत मिळाले. सर्पगंधा ही मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. पण तिने रक्तदाब उतरतो हे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रुग्णांचा दाब मोजून १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडले, तेव्हा जगाने तिची दखल घेतली. परंपरेला मापाची जोड मिळाली की ती सीमा ओलांडते, ती अशी.

श्रमाच्या मापनाला शास्त्राचे रूप दिले ते खेळाडूंच्या आणि गिर्यारोहकांच्या संगतीत. बर्लिनच्या नाथान त्सुंट्‌स याने १८८९ साली धावण्याचा फिरता पट्टा तयार केला. एकेकाळची तुरुंगातील शिक्षा आता प्रयोगाचे साधन झाली. १९११ साली डग्लस याने पाठीवर बांधायची हवाबंद पिशवी आणली. तिच्यात उच्छ्वास साठवता येई. मँचेस्टरला ए. व्ही. हिल हा नोबेल विजेता शास्त्रज्ञ ही पिशवी पाठीवर घेऊन गवतावर स्वतः धावला. वेग वाढत गेला तसा प्राणवायूचा वापर वाढला. पण मिनिटाला चार लिटरांच्या आसपास तो थबकला. त्यापुढे वेग वाढला तरी वापर वाढेना. प्रत्येक शरीराला अशी एक कमाल मर्यादा असते, हा शोध १९२३ च्या सुमाराचा. हाच हिल १९४३-४४ साली हिंदुस्थानात आला होता आणि येथील वैज्ञानिक संशोधनावर त्याने सरकारला अहवाल दिला होता. १९६०-६१ च्या हिवाळ्यात एव्हरेस्टच्या परिसरात ५,८०० मीटर उंचीवरील ‘सिल्व्हर हट’मध्ये ग्रिफिथ प्यू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्थिर सायकलवर हीच मर्यादा मोजली, त्या तुकडीत सुखमय लाहिरी हे भारतीय शास्त्रज्ञही होते. आणि १९६२ च्या युद्धानंतर हिमालयात घाईने चढवल्या गेलेल्या आपल्या जवानांपैकी १,९२५ जणांच्या पर्वतविकाराचा अभ्यास इंदरसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला.

मापनाने प्राण वाचवल्याचे सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण कोपनहेगनचे आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात तेथे बालपक्षाघाताची साथ आली. ज्यांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत, त्यांतील बहुतेक दगावत. त्यांच्या रक्तात आढळणारा एक चढा आकडा रक्त अल्कधर्मी झाल्याची खूण मानला जात होता. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने तोच आकडा वेगळा वाचला: रोगी कर्बाम्ल वायू बाहेर टाकू शकत नाही, तो आतच कोंडला जातो आहे. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने त्याने तिला हाताने श्वास दिला, आणि ती वाचली. मग वैद्यकीच्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोनमहिने रोग्यांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. रक्तातील आम्लता चटकन मोजण्याचे तंत्र पोल आस्ट्रुप यांनी त्याच रुग्णालयात विकसित केले. आकडा आधीही समोर होता. तो वाचणारा नव्हता.

पुढची पाने आपल्या परिचयाची आहेत. १९६३ साली सिअॅटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी दर तीन मिनिटांना वेग व चढ वाढवणारी फिरत्या पट्ट्याची चाचणी ठरवली. आज छातीत दुखते म्हणून गेलेल्या अनेकांना ती करावी लागते. ज्यांना पट्टा झेपत नाही अशा रोग्यांसाठी सहा मिनिटे सपाट जागी चालवून अंतर मोजण्याची साधी रीत आली. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली बोटातून प्रकाश पाठवून रक्तातील प्राणवायू ओळखण्याची युक्ती जगापुढे ठेवली.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती चिमटी आपल्या घराघरांत आली. त्या वेळी महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने लोकांना सांगितले की, आकडा बसल्या बसल्या पाहून समाधान मानू नका. सहा मिनिटे घरात चाला आणि मग पुन्हा पाहा. कित्येकांना स्वस्थ बसले असता काहीच त्रास नव्हता. चालल्यावर मात्र आकडा घसरला. ओट्यावर बसलेल्या माणसाची आणि सिंहगड चढणाऱ्या माणसाची गोष्ट ती हीच. त्याच काळात आणखी एक गोष्ट उजेडात आली. अमेरिकेतील एका अभ्यासात २०२० साली असे आढळले की, कृष्णवर्णीय रोग्यांतील प्राणवायूची धोकादायक तूट ही चिमटी गोऱ्यांच्या तुलनेने सुमारे तिप्पट वेळा चुकवते. कारण काळ्या त्वचेतून जाणारा प्रकाश ती नीट वाचत नाही. म्हणून चिमटीचा आकडा चांगला असला तरी समोरच्या माणसाचे ओठ निळसर पडत असतील आणि त्याला वाक्य पुरे करवत नसेल, तर विश्वास माणसावर ठेवावा. सांतोरिओच्या खुर्चीपासून या चिमटीपर्यंत सारी यंत्रे निघाली ती ‘मला दम लागतो’ असे सांगणाऱ्याचे म्हणणे नीट ऐकू यावे म्हणून.